मामाच्या क्लासातले इंग्लंडचे राजे

फौंड्रीत कामाला असलेल्या माणसाच्या नखांत काळी वाळू बसते. ती कुणी मुद्दाम भरत नाही आणि साबणानं जात पण नाही. माझ्याकडचे हे किस्से तसेच बसलेत. दोन वर्षं मामाच्या इंग्लिश क्लासात राजे, राण्या आणि तलवारी सांगतोय. कुणी 'सध्या काय करतोस?' विचारलं की उत्तर द्यायचा कंटाळा येतो. मग ह्यातला एखादा किस्सा सांगतो आणि सुटतो.

आधी जागा सांगतो. राजारामपुरी, एका दवाखान्याच्या वरचा मजला. खाली पेशंट कण्हतात, वर आम्ही. सकाळी साडेसातची बॅच, सगळी मोठी माणसं. मामाला क्लासात 'सर' म्हणायचं, हा नियम. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते नातेवाईकांना विचारा. प्रत्येकाकडं वेगळं कारण आहे आणि सगळी कारणं माझ्या खऱ्या कारणापेक्षा भारी आहेत.

शनिवारी 'स्टोरी डे'. मामाचं तत्त्व असं, "साहेबाची भाषा शिकायची तर साहेबाच्याच गोष्टी पायजेत!" म्हणून ब्रिटनच्या इतिहासातल्या, दंतकथांतल्या, जुन्या पुस्तकांतल्या गोष्टी मी एकेका पानात मराठीत उतरवतो. शनिवारी आधी मी मराठीत सांगायची. मग ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं तीच गोष्ट तीन मिनिटांत इंग्रजीत सांगायची. मामा मार्क देणार.

सोपं वाटतं. पण आमच्याकडच्या माणसाला गोष्ट नुसती ऐकता येत नाही. त्याला ती मिटवायची असते! राजा असो नाहीतर राणी, भावकीत भांडण लागल्यासारखी सगळी मधे पडतात.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती प्रत्येक शनिवारी त्या खोलीत असायचीच. आजोबांची उचगावला जमीन आहे. आजोबा गेले. आता ती मामाची आणि माझ्या आईची. मामाला ती बिल्डरला द्यायची आहे, आणि त्यासाठी आईनं हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. मला काही नको, सगळं भावाला, असा तो कागद. आमच्याकडं बहिणी करतात सही. भाऊ साडी देतो, बहीण जमीन देते आणि ह्या व्यवहाराला माहेर म्हणतात.

आईनं सही केली नव्हती. नाही असं पण म्हटलं नव्हतं. मग मामानं तिला क्लासात फुकट बसवलं. "घरात बसून काय करतीस शालन? ये की. इंग्लिश शिकशील, रोज भेट हुईल."

रोज भेट! आणि रोज क्लास सुटला की, "त्या कागदाचं बघूया आता, शालन."

* * *

पहिली गोष्ट मी सांगितली ती समुद्राला थांब म्हणणाऱ्या राजाची. दरबारी उठता-बसता म्हणायचे, महाराज, समुद्रसुद्धा तुमचं ऐकतो. राजा वैतागला. किनाऱ्यावर खुर्ची टाकायला लावली, बसला आणि भरतीला म्हणाला, "थांब." भरती थांबते होय? राजाचे पाय भिजले. तो दरबाऱ्यांना म्हणाला, बघितलंत? राजाची सत्ता एवढीच असते.

मला ही गोष्ट आवडते. मी जरा रंगवून सांगितली. संपली तशी पद्माक्का उठल्या.

पद्माक्कांचं माहेर शिरोळकडं, सासर उचगावात, दारात सहा म्हशी. क्लासला यायचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "सून फोनवर इंग्लिशमधी बोलती. माझ्याबद्दलच बोलती. काय बोलती त्ये कळाय पायजे."

तर पद्माक्का म्हणाल्या, "पाणी चढतंय म्हटल्यावर पैली जनावरं सोडायची. खुर्ची कसली टाकतोय ह्यो?"

"आक्का, तो दरबाऱ्यांना धडा शिकवत होता."

"धडा! आमच्या माहेरात पुरात एक पुढारी असाच आलता. गुडघ्याएवढ्या पाण्यात हुभं राहून फोटो काढला आणि गेला." मग जरा विचार करून म्हणाल्या, "त्येच्यापरीस ह्यो राजा बरा. खुर्ची तरी घरनं आणली!"

* * *

दिलीपभाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर आहेत. कारखान्यात परदेशी कस्टमर आला की मॅनेजर सांगतो, तुम्ही फक्त हसायचं. हसून हसून जबडा दुखला म्हणून ते इंग्लिश शिकायला आले.

त्या दिवशी दगडातल्या तलवारीची गोष्ट. तलवार दगडात रुतलेली, जो उपसेल तो राजा. मोठमोठे सरदार आले, घाम गाळून गेले. शेवटी एक साधा पोरगा आला आणि त्यानं लोण्यातनं काढावी तशी काढली.

"एक मिनिट," दिलीपभाऊ म्हणाले. "त्येच्या आधी किती जणांनी ओढली?"

"असतील शंभरएक."

"मग ढिली झालीती की ती! शंभर जणांनी हलवून हलवून ढिली केली, शेवटच्यानं नुसता हात लावला. आणि राजा कोण? शेवटचा!" त्यांचा आवाज चढला. "आमच्यात ह्येच हाय. जाम झालेलं बेअरिंग आम्ही शिफ्टभर ठोकतोय, तेल सोडतोय. सुटायला आलं की सुपरवायझर येतो, एक टोला घालतो आणि वर मेल टाकतो, आय सॉल्व्ड द प्रॉब्लेम!"

"इंग्लिशमध्ये सांगा," मामा म्हणाला.

दिलीपभाऊ उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला. "हंड्रेड पीपल वर्क. वन मॅन किंग."

खाली बसले.

मामानं दहापैकी चार दिले. तीन मिनिटांची गोष्ट सहा सेकंदांत सांगितली म्हणून! पूर्ण इतिहास ह्याच्याहून कमी शब्दांत कुणी सांगितला असेल तर मला दाखवा.

* * *

आता मामाच्या संस्काराचा किस्सा.

इंग्लंडात एका उमरावानं गावावर जबर कर बसवला. त्याची बायको म्हणाली, कमी करा. तो म्हणाला, तू अंगावर काही न घालता घोड्यावरनं गावभर फिरून आलीस तर करतो. ती फिरली. लांब केसांनी अंग झाकलं आणि फिरली. गावानं तिची लाज राखली. सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. एकच शिंपी फटीतनं डोकावला आणि त्याचे डोळे गेले.

शुक्रवारी मामानं माझं पान तपासलं. लाल पेन काढलं.

"क्लासात बायका बसतात! साडी नेसव तिला."

"मामा, मग गोष्टच राहत नाही."

"सर म्हण. आणि नेसव."

नेसवली. शनिवारी गोष्ट सांगितली. बाई साडी नेसून घोड्यावर बसली, गावातनं एक चक्कर मारून आली, कर कमी झाला. पद्माक्कांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई साडी नेसून घोड्यावरनं गेली, ह्यात नवऱ्यानं कर कशापायी कमी केला?"

"सरांना विचारा," मी म्हणालो.

मामा खाकरला. "धाडस असतंय ते. त्या काळात घोड्यावर बसायचं म्हणजे..."

"बरं. मग लोकांनी खिडक्या का लावल्या?"

"ऊन होतं."

"इंग्लंडात?"

मामानं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"आणि त्या शिंप्याचे डोळे कशानं गेले?"

बाटली खाली ठेवून मामा ओरडला, "मोतीबिंदू!"

क्लास सुटला. आई जे काही बोलायची ते जिन्यात. तिसऱ्या पायरीवर तिनं मला विचारलं, "केस कुठवर होते रे तिचे?" शनिवारची गोष्ट आधीच जाहीर असायची. पद्माक्कांनी शुक्रवारीच मोबाईलवर मूळ गोष्ट वाचून सगळ्या बायकांना सांगितली होती. संस्कार होते ते फक्त मामाला!

* * *

माने काकांचं वधू-वर सूचक केंद्र दोन गल्ल्या सोडून आहे. परदेशातली स्थळं यायला लागली म्हणून त्यांना इंग्लिश पाहिजे. स्वभावानं थंड. इंग्लंडच्या त्या सहा लग्नं केलेल्या राजाची गोष्ट सांगताना मी त्यांच्याकडं बघत होतो. दोन बायकांची मुंडकी उडवली, काकांनी चहाचा घोट घेतला. दोघींना सोडलं, काकांनी बिस्कीट बुडवलं. हे त्यांचं रोजचंच.

चौथ्या बायकोपाशी मात्र त्यांनी हात वर केला.

"हे स्थळ कुणी आणलं?"

"राजाच्या मंत्र्यानं. चित्रकार पाठवून मुलीचं चित्र काढून आणलं. राजाला चित्र पसंत पडलं. मुलगी प्रत्यक्ष आली तसा राजा म्हणाला, चित्रातली ही नव्हे."

"असं हुतंय," काका म्हणाले. "मग?"

"लग्न मोडलं. मुलीला मोठं घर दिलं, मान दिला. ती शेवटपर्यंत आरामात जगली."

"आणि मंत्री?"

"त्याचं मुंडकं उडवलं. म्हणजे कारणं बरीच होती, पण हे लग्न त्याला भोवलं."

काकांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"नवरा आरामात. नवरी आरामात," ते हळूच म्हणाले. "गेला कोण? मध्यस्थ! एवढी शतकं झाली, धंदा हाय तिथंच हाय बघा."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या केंद्राबाहेर नवीन बोर्ड लागला. 'फोटो पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्यक्ष पाहणी करावी. संचालक जबाबदार राहणार नाहीत.'

* * *

एकदा कटाची गोष्ट होती. लंडनात पार्लमेंटच्या खाली तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं रचून ठेवलेली. राजासकट सगळे उडणार. आणि ऐनवेळी एका सरदाराच्या हातात निनावी पत्र पडलं, त्या दिवशी तिकडं जाऊ नका. सरदारानं पत्र पुढं पोचवलं, कट फुटला, सगळे धरले गेले. असं म्हणतात की पत्र कटातल्याच एकानं लिहिलं होतं, कारण त्याची सख्खी बहीण त्या सरदाराला दिलेली होती.

"पावण्याला सांगितल्याबिगर माणसाला ऱ्हावत न्हाय," दिलीपभाऊ म्हणाले.

"बहिणीचं कुंकू राखलं की त्येनं!" पद्माक्का म्हणाल्या.

मामाला एवढंच पाहिजे होतं. खडू ठेवून त्यानं दुसऱ्या बाकाकडं बघितलं. "ऐकलंस शालन? भाऊ म्हणजे असा असतो. बहिणीसाठी सगळ्यावर पाणी सोडलं!"

आईनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला एवढा राग आला की डस्टर फेकावंसं वाटलं. कुणाला फेकायचं तेवढं कळेना.

जिन्यात तिसऱ्या पायरीवर ती म्हणाली, "कट घालवला त्यानं. जमीन कुठं घालवली?"

"हे वर का नाही बोललीस?"

"गाडी काढ."

* * *

गुहेत लपलेल्या राजाची गोष्ट मामा स्वतः सांगायचा. मला सांगू द्यायचा नाही. स्कॉटलंडचा राजा लढाया हरून गुहेत बसलेला. समोर एक कोळी जाळं विणतोय. पडतो, परत चढतो. सहा वेळा पडला, सातव्या वेळी जमलं. राजा उठला आणि लढाई जिंकला.

"एवढासा कोळी!" मामा माझ्याकडं बघत म्हणाला. "त्यो सुद्धा सोडत न्हाय. आणि काही लोकं तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी येतात!"

अख्खा वर्ग माझ्याकडं वळला.

"कोळ्याला मामा नव्हता, सर," मी म्हणालो.

वर्ग हसला. मामा हसला नाही. क्लास सुटल्यावर त्यानं माझ्यादेखत आईला धरलं. "हिस्सा घेऊन करणार काय हैस तू, शालन? पोरगं तर शिकलं न्हाय. कुणासाठी ठेवतीस?"

आईनं वही पिशवीत घातली. चेन ओढली.

घरी बाबा ताटावर होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "करून टाक की सही. भांडण कशाला? माहेर तुटतंय उगंच." बाबांचा जगातल्या सगळ्या प्रश्नांवर हाच उपाय आहे. सोसायटीच्या तक्रारीवर सही, कारखान्याच्या माफीनाम्यावर सही. ह्या लोकांनी आम्हाला लहानपणी हिंमत शिकवली! खोलीत कोण जोरात बोललं की हे आधी खिडकी लावतात. ऊन असतं ना.

मी आईवर पण ओरडलो. "कर तरी, नाहीतर नको तरी म्हण! दोन वर्षं झाली!"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भाऊ एकच हाय मला."

त्यानंतर मी विषय काढला नाही. राग सुद्धा रोज रोज करायचा म्हणजे नोकरीच होते.

* * *

शेवटचा किस्सा, आणि मग मी थांबतो.

एका शनिवारी मामानं वकिलालाच क्लासात बोलावलं. स्टोरी डे संपला की सही तिथंच आणि तिथनं थेट रजिस्ट्रार ऑफिसला. वकील मागच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसला. टेबलावर पिशवीत साडी. चांगली होती, नाही असं नाही. आईला कुणी काही विचारलं नव्हतं.

गोष्ट होती एका म्हाताऱ्या ब्रिटिश राजाची. त्या आठवड्याची तीच ठरलेली होती, मी मुद्दाम काढली नव्हती. राजानं ठरवलं, राज्य तिघी मुलींत वाटायचं. पण आधी प्रत्येकीनं सांगायचं, माझ्यावर किती माया आहे. थोरली म्हणाली, जगातल्या सोन्याहून जास्त. तिला एक तुकडा. मधली म्हणाली, माझ्या डोळ्यांहून जास्त. तिला दुसरा. धाकटी सगळ्यात लाडकी. तिला अशी मापं काढायची नव्हती. ती गप्प राहिली. राजा पेटला, तिला काही दिलं नाही आणि घालवून दिलं. पुढं त्या गोड बोलणाऱ्या दोघींनीच म्हाताऱ्याला उघड्यावर काढलं.

"राजाला मुलगा न्हवता व्हय?" माने काकांनी विचारलं.

"नव्हता."

"म्हणून तर पोरींना वाटा आला," पद्माक्का म्हणाल्या. "पोरगा असता तर सह्या घेतल्या असत्या!"

मागं वकिलानं फाईल उघडून उगाच पान उलटलं.

"सायलेन्स!" मामा म्हणाला आणि चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली आणि खूश झाला. "शालन! ये. तुझी झाली की निघूया."

आई फळ्यापुढं उभी राहिली. पदर खांद्यावर घट्ट घेतला. मी मोबाईलवर घड्याळ लावलं.

"वन ओल्ड किंग," आई म्हणाली. "थ्री डॉटर्स. नो सन."

"व्हेरी गुड," मामा म्हणाला.

"किंग आस्क, हाऊ मच लव्ह? फर्स्ट डॉटर से, मोअर दॅन गोल्ड. किंग गिव्ह लँड. सेकंड डॉटर से, मोअर दॅन माय आईज. किंग गिव्ह लँड." एवढं इंग्रजी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मामा मान डोलवत होता. "देन किंग आस्क थर्ड डॉटर. यू टेल. हाऊ मच लव्ह?"

आणि ती थांबली.

खाली दवाखान्यात कंपाउंडर नंबर पुकारत होता. रस्त्यावर सिटी बस थांबली आणि गेली.

"शी..." मामानं शब्द पुढं केला. "शी सेड..."

आई मामाकडं बघत होती.

दिलीपभाऊ कुजबुजले, "नथिंग, नथिंग म्हणा." पद्माक्कांनी त्यांच्या बरगडीत कोपर घातलं. "गप बसा!" मी ओठ हलवले, तिला पुढचं वाक्य द्यावं म्हणून. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं.

तीन मिनिटं संपली. मोबाईल वाजला.

"असू दे, असू दे, विसरलीस," मामा हसत उठला. "माझ्या बहिणीला पाच मार्क! चला, वकीलसाहेब थांबलेत."

"विसरले न्हाय, दादा," आई म्हणाली. "धाकटी जे बोलली तेच सांगितलं की."

आणि बाकावर जाऊन बसली.

वकील पुढं आला. त्यानं कागद तिच्या वहीवर पसरला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं. "ताई, हितं."

मामानं साडीची पिशवी टेबलावरनं उचलून बाकावर ठेवली. "शालन?"

आई त्याच्याकडं बघत राहिली. हात मांडीवर.

"शालन, मी काय म्हणतोय?"

खाली कंपाउंडरनं पुढचा नंबर पुकारला. त्याच्या पुढचा पुकारला.

शेवटी वकिलानंच पेनाला टोपण लावलं.